एक हात मोकळा

ला पासच्या चढावर, एलोय साल्मोन गल्लीत
दुकानाला दुकान चिकटलेलं.
टीव्हींच्या भिंती, स्पीकरांचे मनोरे,
आणि दर दाराशी कुणीतरी हाक मारणारं:
या सेन्योरा, काय दाखवू?

कॅमेरा दाखवा.
दोन वर्षं साठवलेले पैसे
घेरदार पोयेराच्या आतल्या खिशात,
आणि डोक्यात एक यादी
जी कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती.

डॉन रेमिहिओनं आधी मोठं धूड काढलं.
खांद्यावर ठेवून तर बघा, म्हणाला,
लग्नात नेलंत की लोक आपोआप वाट देतात.
ठेवलं.
खांदा गेला, उजवा हात गेला,
डावा भिंगाच्या कड्यावर गेला.
म्हटलं, आता मी बोलू कशी?
तो हसला: तोंड आहे की मोकळं!

त्याला काय सांगायचं.
आमच्या घरी तोंड जेवायला असतं.

मग धाकटा काढला.
पट्ट्यात चार बोटं सरकवली की
हातमोज्यासारखा बसणारा.
गुण गायला लागला तो आवाजापासूनच:
माइकला दोन तोंडं, पक्की, व्यावसायिक,
पुटपुटलेलंसुद्धा टिपतो, वारा गाळून.
मी विचारलं, थंडीत बॅटरी किती तग धरते?
एल आल्तोत पहाटे आमचा नळ गोठतो.
विचारलं, झूम सगळं मागे घेतलं तर
अरुंद खोलीत, टेबलाच्या अलीकडून,
बसल्या माणसाची दोन्ही कोपरं मावतात?
कार्डाच्या खाचा दोन आहेत ना?
एक दगा देईल, तर दुसरं हवं.
म्हातारी माणसं दुसऱ्यांदा सांगायला
असतातच असं नाही.

मग म्हटलं, डॉन रेमिहिओ, जरा उभे राहा
आणि हात हलवा. भरभर. भांडल्यासारखे.
तो बावरला. गिऱ्हाइकं बघायला लागली.
मग भाडं वाढवणारा घरमालक आठवला असावा,
असे काही हात उडवले त्यानं!
पडद्यावर बोटांच्या जागी धूर.
शटरचा आकडा वाढवला. पुन्हा.
आता पाचही बोटं सुटी सुटी,
नखातला काळा डागसुद्धा.

हा द्या.
घासाघीस आयमारात झाली, पिशवी फुकट मिळाली,
पावतीवर त्यानं माझं नाव चुकवलं:
एउलालिया चोकेवांका,
त्यातलं वांका पुसून पुन्हा लिहिलं.

ताता खिडकीशी बसलेले, टोपी सारखी करून.
माझ्या उजव्या हातात कॅमेरा, डावा मोकळा.
एका हातानं बोलणं म्हणजे तोतरं बोलणं,
तरी विचारलं: आईचं नाव?

त्यांनी नसलेली वेणी मुठीत धरली
आणि खांद्यावरून मागे टाकली.
हेच तिचं नाव. शाळेतल्या कुठल्याही तक्त्यावर नाही,
शेजारच्या बहिऱ्या पोरांनाही माहीत नाही.
ते घ्यायचं तर कोपर पुरतं मागे जावं लागतं.
गेलं.
चौकटीच्या काठाशी
बोटभर जागा उरली.

रात्री इअरफोन लावून पुन्हा बघितलं.
वाटलेलं, आवाजाची बाजू रिकामीच असणार,
माइकचे पैसे पाण्यात.
तर तिथं लोकरी बाहीची सरसर,
तळव्यावर तळवा,
आणि वेणी मागे जाताना
घशातून निसटलेला एक बारीक हुंकार.
तातांना तो ठाऊकच नाही.
मी तर जन्मापासून ऐकत आलेय,
म्हणून कधी ऐकला नव्हता.

सकाळी सांगितलं त्यांना: तुमचं बोलणं ऐकू येतं.
ते माझ्याकडे बघत राहिले,
मी खोडी काढत असल्यासारखे.
मग कॅमेरा ओढून घेतला,
माइकच्या जाळीपुढे बोट धरलं,
झोपलेल्या बाळाच्या नाकापुढे धरतात तसं.
आणि खूण केली:
हे बंद कुठून करायचं?

दाखवलं. बटण डाव्या अंगाला आहे.
त्यांनी त्यावर अंगठा ठेवला,
दाबला नाही,
काढलाही नाही.